भुताचा घोटा

ज्या एका कुस्तीवर माझं नाव झालं, कॉलेजात नोकरी लागली आणि सासऱ्यांनी मुलगी दिली, ती कुस्ती मी खरी जिंकलेली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वस्तादांना नाही, बायकोला नाही, आणि ज्याला चीत केलं त्या हणमंतालाही नाही. हणमंताला सांगायला हवं हे मला त्याच दिवशी कळत होतं. पण त्या दिवशी लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि खांद्यावर बसलेला माणूस सहसा खाली उतरून खरं बोलायला जात नाही. पुढं उतरलो. तरीही बोललो नाही.

चैत्र लागला की हे सगळं वर येतं. ऊस तुटून गेलेला असतो, रानं मोकळी पडलेली असतात आणि गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दुपार कलली की कॉलेजच्या मैदानावर उभ्या उभ्या मला हलगी ऐकू येते. तसं मला ऐकू कमीच येतं. पैलवानकीत दोन्ही कान मोडले, ते आता वाळलेल्या अंजिरासारखे दिसतात. प्राचार्यांचं बोलणं निम्मंच कळतं, आणि त्यानं माझं काही अडल्याचं मला आठवत नाही. पण हलगी दोन गावं पलीकडं वाजली तरी कळते. ती कानानं ऐकायचीच नसते. ती मांडीत ऐकू येते. हात आपोआप मांडीवर जातो, शड्डू ठोकायला, आणि मग आठवतं की आपण शिट्टी गळ्यात अडकवलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले सर आहोत.

या दिवसांत माझ्या कबड्डीच्या सरावाला पोरं येत नाहीत. एकेकाची आज्जी आजारी पडते. आज्ज्यांचं दुखणंही मोठं शिस्तीचं. ज्या गावात जत्रा, त्याच गावची आज्जी आजारी. दुसऱ्या दिवशी पोरगं येतं ते कानात तांबडी माती घेऊन.

"काय रं, आज्जी कशी आहे?"

"बरी हाय सर. बरोबरीत सुटली."

मी रागावतो, पण मनापासून नाही. त्या मातीचा वास मला लांबूनही ओळखू येतो. कुस्तीच्या मैदानाची माती म्हणजे नुसती माती नसते. ती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, लिंबू, तेल, हळद, कापूर मुरवायचा. पहिल्यांदा तोंडावर पडलो तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी देवघर आणि स्वयंपाकघर एकत्र कालवून ठेवलंय. पुढं इतक्या वेळा तोंडावर पडलो की त्या मातीची चव कोणत्या गावी कशी, हेसुद्धा सांगू लागलो.

आमच्या भागात दोन खेळांवर पोट भरणारे बहुधा मी आणि हणमंतच पहिले. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत साखर कारखान्याच्या संघातून कबड्डी, पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत जत्रांतली कुस्ती. आज टीव्हीवर कबड्डीच्या पोरांची बोली लागते, त्यांच्या अंगावर चकचकीत बनियन असतं, पाठीवर इंग्रजीत नाव असतं. आमची फक्त टाइम ऑफिसात हजेरी लागायची. व्यावसायिक खेळाडू हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. गावात त्याला रिकामटेकडा म्हणत.

या दोन खेळांची माझ्या अंगावरून भांडणं चालत. माझी तालीम कराडच्या बाजूची. वस्ताद म्हणायचे, "दत्त्या, पैलवान कसा पायजे? दारात उभा ऱ्हायला की घरात अंधार पडला पायजे." कारखान्याचे प्रशिक्षक म्हणायचे, "दत्ता, दाराच्या फटीतनं सुटला पायजेस." म्हणजे उन्हाळ्यात दार झाकायचं आणि हिवाळ्यात फटीतून निसटायचं. वस्ताद थंडाईचा तांब्या पुढ्यात ठेवायचे, तूप ओतायचे. चार महिन्यांनी प्रशिक्षक माझ्या ताटातली भाकरी मोडून अर्धी करायचे. कराडच्या शिंप्यानं यावर तोडगा काढला होता. माझ्या विजारीत तो आत भरपूर माया ठेवायचा. "फाल्गुनात उसवून न्या, पैलवान, आणि दिवाळीला परत टिपून देतो." ऋतू बदलल्याचं पंचांगाआधी माझ्या विजारीला कळायचं.

अंगाचं जमत होतं. सवयींचं जमत नव्हतं. कबड्डीच्या एका सामन्यात चढाईला आलेल्या पोराला मी पकडलं, उताणा केला आणि छातीवर बसून राहिलो. शिट्टी वाजली, गुण मिळाला, लोक टाळ्या वाजवून थांबले, तरी मी बसलेलाच. कोण येऊन माझा हात वर करतंय याची वाट बघत. शेवटी खालून आवाज आला, "आवं पैलवान, मी कवाच बाद झालोय. उठा की आता."

आणि एकदा याच्या उलट. जत्रेत समोर असा आडदांड गडी आला की सलामीलाच माझी छाती धडधडू लागली. मी त्याच्या मांडीला हात लावला आणि, देवाशप्पथ, मागं वळून आखाड्याच्या कडेपर्यंत पळत सुटलो. तोंडानं काही पुटपुटत होतो की नाही आठवत नाही. कर्णा घेऊन बसलेला निवेदक म्हणाला, "मंडळी, पैलवान गडी मारून सुखरूप माघारी आल्यात. आता पंचांनी एक गुण द्यावा अशी इनंती."

हे सांगितलं ते नुसतं हसवायला नाही. दोन खेळ खेळणाऱ्याचा असा घोटाळा होतो, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मान्य होतं. माझा गुन्हा लपला तो याच्याच आडोशाला.

हणमंत कवठे महांकाळकडचा. त्यांच्याकडं तेव्हा पाणी कमी आणि हसणं जास्त. स्वतःच्या विनोदाला तो विनोद संपायच्या आधीच हसायचा, त्यामुळं त्याच्या कितीतरी विनोदांचा शेवट आजही कुणाला माहीत नाही. तळवे भाकरीएवढे. त्याची कुस्ती माझ्याहून सरस होती, हे इथंच लिहून टाकतो, नाहीतर पुढं धीर व्हायचा नाही.

कबड्डीत तो डावा कोपरा आणि मी त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून. ज्यानं कबड्डी नुसती बघितलीय त्याला वाटतं, बचाव करणारे हात धरतात ते साखळी करायला. खरं म्हणजे ते बोलायला धरतात. चढाईवाला समोर नाचत असताना तोंडानं बोललात तर त्याला ऐकू जातं. म्हणून हातातल्या हातात बोलायचं. मी हात हलका धरला म्हणजे थांब. एक लांब दाब दिला म्हणजे घूस. कोपऱ्यातल्या हणमंताला चढाईवाल्याचा तोल दिसायचा नाही, मला दिसायचा. मी दाबला की तो विचार करायचा नाही, बघायचा नाही, सरळ बाहेरच्या अंगाला जमिनीलगत झेपावायचा, आणि त्याच्या मुठीत घोटा यायचा. "तू दाबलास की माझं डोकं बंद हुतं गड्या," तो म्हणायचा. "हातच जातोय." कारखान्याच्या खोलीत आम्ही दोघं राहत होतो, एका स्टोव्हवर आमटी करत होतो. पण आमची खरी दोस्ती त्या हातात होती.

आणि मग ती जत्रा. शेवटची, गदेची कुस्ती. पंचांनी जोड लावली ती माझी आणि हणमंताची. तालमी वेगळ्या, जिल्हे वेगळे, त्यामुळं हरकत घ्यायला जागा नव्हती. हातात माती घेता घेता मी हळूच म्हणालो, "हणमा, बरोबरीत सोडवून घिऊया का?"

तो म्हणाला, "न्हाई गड्या. खरी खेळू. लोकं उन्हात बसल्यात."

लोक खरंच उन्हात बसले होते. झाडांवर, उसाच्या ट्रॉल्यांवर, शाळेच्या कौलांवर. मंडपात पाहुण्यांत एका कॉलेजचे प्राचार्य होते. वस्तादांनी त्यांच्या कानावर माझं नाव घातलं होतं आणि त्यांनी "बघू, आज कसा खेळतोय" म्हटलं होतं. माझे पुढं झालेले सासरेही तिथंच कुठंतरी टोपी सावरत होते.

हणमंतानं मला दमवलं. हळूहळू, विहिरीचं पाणी उपसावं तसं. माझा श्वास खाली तळाला लागला. हलगी चढत चालली होती आणि मी उतरत चाललो होतो. त्यानं माझ्या मानेवर एक हात ठेवला, दुसऱ्यानं माझा पंजा धरला. तोच पंजा, तीच पकड. पुढच्या क्षणी तो मला ओढणार होता आणि मी जाणार होतो, हे मला जसं कळलं तसंच दुसरंही काही कळलं.

हात आपोआप दाबला गेला, असं लिहायचा मोह होतोय. इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलोय. नाही. मी दाबला. एक लांब दाब.

हणमंतानं मान सोडली आणि बाहेरच्या अंगाला, जिथं कुणीच नव्हतं तिथं, जमिनीलगत झेप टाकली. मोकळ्या मातीत त्याच्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या. मी त्याच्या पाठीवर गेलो, कब्जा घेतला, उलटा केला. झालं. लोकांना डाव दिसलाच नाही, आणि न दिसलेला डाव सगळ्यात मोठा ठरतो. निवेदक ओरडला, "विजेसारखा डाव!" प्राचार्य उभे राहिले. मी खांद्यावरून बघितलं तेव्हा हणमंत बसून मुठीतल्या मातीकडं बघत होता. आत पाय असायला हवा होता, तो गेला कुठं, अशा चेहऱ्यानं.

मला वाटलं, आता हा सांगणार. रात्री जेवणाच्या पंगतीत तो उठला तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला. आणि हणमंत हसत सुटला. "आरं, माझं काय झालं ठावं हाय का? मला वाटलं मी कबड्डीत हाय! भुताचा घोटा धरला रं मी!" आमटीचा वाढपीसुद्धा खाली बसून हसला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

तेव्हापासून सातारा-सांगलीच्या कुठल्याही तालमीत ही गोष्ट सांगतात. कुणी चाचपडला, कुणाला बसमध्ये दांडी सापडली नाही, की "भुताचा घोटा धरला गड्यानं." लोकांच्या तोंडी हणमंत अमर झाला, आणि मी कॉलेजात रुजू झालो.

त्यानंतर हणमंत कुस्तीच्या मातीत उतरला नाही. "एका डोक्यात दोन खेळ बसत न्हाईत माझ्या," म्हणाला. "तुझ्या बसत्यात. तू नशीबवान." कबड्डी तो आणखी थोडी खेळला, मीही नोकरी सांभाळून कारखान्याकडून खेळत होतो, पण तीही बिघडली होती. मी हात दाबला की तो आधी माझ्याकडं वळून विचारायचा, "खरंच दाबलास न्हवं?" चढाईवाला एवढं थांबत नाही. आमच्या कोपऱ्यातून माणसं सुटू लागली, आणि एका हिवाळ्यात हणमंत द्राक्षाची बाग लावायला घरी गेला.

मी मात्र शिकवत राहिलो. सगळं शिकवतो, फक्त हात दाबायला शिकवत नाही. माझ्या दोन्ही संघांत, मुलांच्या आणि मुलींच्या, खुणेसाठी कोपर लावतात. मुली विचारतात, "सर, समदीकडं हात दाबत्यात, आपल्यातच कोपर का?" मी म्हणतो, "शास्त्रीय पद्धत आहे." घरी याचा वेगळाच त्रास. सांगलीच्या बाजारात रस्ता ओलांडताना बायकोचा हात धरला आणि चुकून दाबला गेला, तर मी चटका बसल्यासारखा सोडतो. "आवं, धरा की नीट," ती म्हणते. "एवढ्या वर्षांनी लाजताय काय?" भर रस्त्यात, ट्रक येत असताना.

हे सारं असंच माझ्याबरोबर म्हातारं झालं असतं. पण गेल्या वर्षी हणमंताची मुलगी तेजू आमच्या कॉलेजात आली. डावा कोपरा. तळवे बापाचे. आणि वर तिला कुस्तीचं वेड. कबड्डीचा सराव संपला की ती मॅटच्या खोलीत जाते आणि तिथल्या मुलींना ओळीनं पालथं घालते. असा गडी मी आजवरच्या नोकरीत बघितलेला नाही. विद्यापीठाच्या कुस्ती संघाची निवड या जत्रांचा हंगाम सरला की आहे. तेजू गेली तर घेतील, यात शंका नाही. पण हणमंत जाऊ देत नाही.

"सर, आण्णा म्हंत्यात एकच खेळ धर. आपल्या रक्तातच घोटाळा हाय म्हंत्यात," तेजू मला म्हणाली. "मलाबी भुताचा घोटा सापडंल आणि लोकं जलमभर हसतील म्हंत्यात. तुमी सांगा की. तुमचं ऐकतील."

म्हणून मागच्या रविवारी मी कवठे महांकाळला गेलो. मिरजेपर्यंत मनाशी वाक्य घोळवलं, मिरजेच्या पुढं ते विसरलो, आणि बागेच्या बांधावर पोचेपर्यंत मला फक्त भूक आठवत होती. बेदाण्याचे दिवस. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं हिरव्याची पिवळी होत पसरली होती, गोड, कोमट वास भरला होता. तासगावचे दोन व्यापारी माल बघायला आले होते. हणमंतानं मला मिठी मारली ती अशी की जुनी बरगडी बोलली.

"ह्यो बगा आमचा पैलवान!" तो व्यापाऱ्यांना म्हणाला. "ह्येनंच मला चीत केलता. ये गड्या, ह्यास्नी दाखवू. उभा ऱ्हा हितं."

आणि त्यानं माझ्या मानेवर एक हात ठेवला, दुसऱ्यानं माझा पंजा धरला. तेजू चहा घेऊन आली होती, तशीच दाराशी थांबली. माझी बोटं मी लाकडासारखी ताठ धरली. हणमंत रंगात आला होता. "असं धरलं व्हतं. आता दोन मिंटांत ह्येला झोपवणार, तवर मला वाटलं, ह्येनं हात दाबला!" तो इथंच हसू लागला, नेहमीप्रमाणे आधीच. "आता कुस्तीत कोण हात दाबंल? आन् त्यातनं दत्ता? दत्ता कशाला दाबंल मला? भास, नुसता भास! पण माझं डोकं बंद, आन् गेलो की मातीत!"

व्यापारी पोट धरून हसले. एकानं डोळे पुसले. मी म्हणालो, "यंदा बेदाण्याला रंग चांगला आलाय."

जेवताना मी तेजूचा विषय काढला. हणमंत पहिल्यांदाच हसायचा थांबला. "तू तिला शिकव. पण कबड्डीच. मी लोकांना हासवतो ते येगळं, दत्ता. पण मला माती सोडाय लागली, तवा मी बागंच्या बांधावर बसून रडलोय. आपलंच डोकं आपल्याला दगा देतंय म्हटल्यावर माणसानं भरोसा कशावर ठेवायचा? पोरीला त्यो भोग नको." आणि माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. मी तो खाल्ला. भाकरी मागून घेतली, आणि तीही खाल्ली.

तेजू मला मोटारसायकलपर्यंत सोडायला आली. तिनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"सर, भास व्हता व्हय त्यो?"

मी किक मारू लागलो. गाडी लागेना. पुन्हा मारली.

"आपल्यात कोपर लावत्यात," ती म्हणाली, "म्हणून इचारलं."

"चावी फिरवा आधी," असंही तिनंच सांगितलं. मी चावी फिरवली आणि निघून आलो.

आज हे लिहितोय. हणमंत असलं काही वाचत नाही, त्याला बागेतून सवड नाही. म्हणजे हे लिहिणंही सोपीच पळवाट आहे, हे मला कळतं. छापून आलं तर लोक त्याला सांगतील, आणि तो आधी हसेल. हसून झाल्यावर काय करेल, ते मला माहीत नाही. त्याच्या हसण्यानंतरचा शेवट मी कधी ऐकलेला नाही.

हणमंत त्या दिवशी चुकला नव्हता. त्याचं डोकं शाबूत होतं, त्याला भास झाला नव्हता, आणि त्याच्या रक्तात कसलाही घोटाळा नाही. हात मी दाबला होता, जाणूनबुजून, हरतोय म्हणून. एवढं मला त्याच्यासमोर बसून, तेजू ऐकत असताना सांगायचं आहे, निवड व्हायच्या आत. ते मी अजून सांगितलेलं नाही.